खेल्लाच्या बिया आणि एका डॉक्टरचा श्वास
लेखांक ७

ॲलर्जीचा दमा कसा उसळतो ते मागच्या आठवड्यात पाहिलं. परागकण, धूळ किंवा जनावराच्या अंगावरचा कोंडा श्वासातून आत जातो, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन ओकतात, नळ्या आवळतात आणि माणसाला धाप लागते. आज या दम्यावरच्या एका औषधाची गोष्ट, जी बियांपासून सुरू झाली.

ईजिप्तमध्ये खेल्ला नावाची वनस्पती उगवते. आपल्या ओव्याच्या, बडीशेपेच्या कुळातली. तिच्या फुलोऱ्याच्या वाळलेल्या काड्यांनी लोक दात कोरतात आणि बियांचा काढा मुतखड्याच्या कळांवर घेतात. (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या बिया म्हणजे फळं, धन्या-जिऱ्याचंही तसंच.) बियांतला खेलिन हा घटक आवळलेले स्नायू सैल करतो. त्यामुळे दम्यातही उतार पडे, पण मळमळ इतकी होई की औषध नको वाटावं.

खेलिनसारखीच, पण सोसवतील अशी संयुगं बनवण्याचं काम इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीने हाती घेतलं. तिथे डॉ. रॉजर अल्टुन्यान होते. जन्म सीरियातल्या अलेप्पोचा, महायुद्धात वैमानिक, आणि स्वतः दमेकरी. गिनीपिगच्या केसांची त्यांना ॲलर्जी होती. त्या केसांचा अर्क ते श्वासातून आत घ्यायचे, मुद्दाम दमा उठवायचे आणि एका सेकंदात छातीतून किती हवा बाहेर पडते ते मोजायचे. मग दुसऱ्या एखाद्या दिवशी आधी नवं संयुग घ्यायचं, नंतर तोच अर्क, पुन्हा तेच मोजमाप. वर्षानुवर्षं, शेकडो वेळा.

या चिकाटीतूनच अनपेक्षित गोष्ट हाती लागली. काही संयुगं आवळलेली नळी अजिबात मोकळी करत नव्हती, पण आधी घेतली तर दमा उठूच देत नव्हती. नळी किती सैल होते एवढंच पाहिलं असतं, तर ही संयुगं केराच्या टोपलीत गेली असती. माझ्या मते या कथेचा गाभा इथेच आहे. अशा संयुगांतूनच १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट सापडलं. १९६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याची चाचणी छापून आली. कोणाला औषध मिळतंय आणि कोणाला नाही, हे ना रुग्णाला ठाऊक होतं ना डॉक्टरला. पुढे श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडने दम्यात त्याची जागा घेतली, तरी डोळ्यांच्या ॲलर्जीवरच्या थेंबांत ते आजही आहे.

कलौंजीच्या बियांचीही दम्यावर अशीच परीक्षा चालू आहे. इराणमध्ये मशहदच्या संशोधकांनी तिचा उकळलेला अर्क दमेकऱ्यांना दिला. श्वासनळ्या काहीशा मोकळ्या झाल्या, पण थिओफिलिन या जुन्या औषधाइतक्या नाहीत. म्हणून माझी विनंती: कलौंजी जेवणात जरूर खा, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नका. आणि अल्टुन्यान यांचा प्रयोग घरी तर कधीच करू नका. मुद्दाम उठवलेला दमा जिवावर बेततो.