गुडघेदुखीवरचा नवा उपाय आणि त्याचा हिशेब

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील नोकरदारांचा व कष्टकऱ्यांचा संसार बऱ्याच अंशी त्यांच्या गुडघ्यांवर उभा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 68 किलोमीटरांचे. ते रोज दोनदा, पुष्कळदा उभ्यानेच कापावयाचे आणि वर रेल्वेपुलांचे जिने चढावयाचे. जो हा प्रवास करीत नाही, तो उल्हासनगरात शिलाईयंत्रावर बसलेला असतो किंवा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीभर उभा असतो. अशा माणसाचा गुडघा दुखू लागला की प्रथम बुडते ती रोजी.

पंचेचाळिशीतल्या रुग्णाची अडचण विशेष आहे. गोळ्या, व्यायाम व वजन घटविणे यांनी पुरेसा आराम पडत नाही. सांधा बदलावा, तर कृत्रिम सांधाही कालांतराने झिजतो व दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड असते, म्हणून डॉक्टर थांबावयास सांगतात. या मधल्या काळासाठी जेनिक्युलर आर्टरी एम्बोलायझेशन नावाचा उपाय पुढे आला आहे. जपानचे डॉ. युजी ओकुनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवरील त्याचे अनुभव 2015 मध्ये प्रसिद्ध केले. सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात व त्यांच्याबरोबर वेदना वाहून नेणारे मज्जातंतूही वाढतात. जांघेतील रोहिणीतून बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, अतिसूक्ष्म कणांनी या वाहिन्यांतील प्रवाह रोखावयाचा, म्हणजे सूज व वेदना उतरते, ही त्यामागील कल्पना. मोठी चीर नाही, बहुधा संपूर्ण भूलही नाही. झिजलेली कूर्चा मात्र यामुळे भरून येत नाही.

परंतु उपाय नवा आहे म्हणून तो सिद्ध झाला, असे होत नाही. काही रुग्णांवर खरी व काहींवर केवळ दिखाऊ प्रक्रिया करून ज्या लहान चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष एकमताचे नाहीत. दिखाऊ प्रक्रियेनंतरही अनेकांच्या वेदना कमी झाल्याचे आढळले. मग आराम कणांचा किती आणि विश्वासाचा किती?

हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे. केनेथ ॲरो यांनी 1963 मध्येच दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून येथे भाजीबाजाराचा न्याय चालत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा प्रचलित प्रकाराची किंमत सुमारे दीड लाखावरून 54,720 रुपयांवर आली. तेथे नियंत्रणासाठी एक वस्तू हाती होती. या नव्या उपचाराचा खर्च नळ्या, कण, अँजिओग्राफीचे यंत्र आणि तज्ज्ञाचे कौशल्य यांत विखुरलेला आहे. एका वस्तूला दर लावून तो आटोक्यात यावयाचा नाही. वेदनेने गांजलेला माणूस घासाघीस करीत नाही. तो कर्ज काढतो.

म्हणून या उपायाची परीक्षा प्रथम सार्वजनिक रुग्णालयांत व्हावयास हवी. 2024 मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. रुग्णांची निवड येथे व्हावी, प्रक्रिया मुंबईच्या सुसज्ज सार्वजनिक रुग्णालयात व्हावी, आणि वर्षभर वेदना किती उतरली, कामाचे किती दिवस वाचले, याची नोंद पुन्हा येथेच ठेवली जावी. खर्च सार्वजनिक विम्याने उचलावा की नाही, हे त्या नोंदींवरून ठरवावे. तोवर रुग्णानेही एकूण खर्च किती, गुण किती काळ टिकेल आणि न आल्यास पुढे काय, एवढे तरी विचारून घ्यावे. रोज उभ्याने प्रवास करणाऱ्याला हा उपाय नाकारणे जितके अन्यायाचे, तितकेच तो पारखल्याविना त्याच्या गळ्यात मारणेही अन्यायाचे ठरेल.