यंत्राची परीक्षा कोण करणार?

सोन्याचा कस पाहावयाचा तर सोनार कसोटीचा दगड काढतो; त्यासच संस्कृतात ‘निकष’ म्हणतात. परंतु परीक्षा करणाऱ्या यंत्राचा निकष कोणता? हा प्रश्न आज घरोघरी विचारण्याजोगा झाला आहे. यकृतात चरबी साठण्याचा विकार मद्यास कधी न शिवणाऱ्या माणसांतही आढळतो, आणि ती चरबी शेकडा किती, हे एमआरआय यंत्र सुई न टोचता सांगते. निरोगी यकृतात हे प्रमाण सामान्यतः शेकडा ५ च्या आत असते.

समजा, घरातील कर्त्या पुरुषाचा आकडा अहिल्यानगरास १२ आला, आणि सहा महिने पथ्य पाळल्यावर पुण्यास दुसऱ्या यंत्रावर ९ आला. हा गुण पथ्याचा, की यंत्रायंत्रांतील भेदाचा? याचा निर्णय करावयास, जिच्यातील चरबी आधीच ठाऊक आहे अशी वस्तू दोन्ही यंत्रांत ठेवून पाहिली पाहिजे. तीस ‘फँटम’ म्हणतात. शब्दाचा अर्थ भूत. पण हे भूत मोठे सत्यवचनी आहे!

त्याची कृती स्वयंपाकघरास अगदीच परकी नाही. समुद्रशेवाळातून निघणारे अगर पाण्यात विरघळवून त्यात मोजके शेंगदाण्याचे तेल घालतात. तेल व पाणी एकजीव व्हावे म्हणून साबणासारखे द्रव्य मिसळतात, आणि कुप्यांत भरून थिजवतात. एका कुपीत तेल मुळीच नाही, पुढील कुप्यांत ते चढत्या प्रमाणात. शेंगदाण्याचेच तेल घेण्याचे कारण असे की, यंत्रास मिळणारा त्याचा संकेत मानवी चरबीच्या संकेताशी पुष्कळ जुळतो. असा एकच संच निरनिराळ्या केंद्रांत फिरवून, तीन कंपन्यांच्या यंत्रांवर केलेली परीक्षा २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत यंत्रांचे आकडे ज्ञात प्रमाणाशी उत्तम जुळले. अर्थात् कुपी श्वास घेत नाही. रुग्णाने श्वास नीट रोखला की नाही, हे ती सांगणार नाही.

आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास हा विचार नवा नाही. दुधाचा भाव फॅटवर ठरतो. म्हणून केंद्रावरील यंत्राचा आकडा गर्बर पद्धतीने काढलेल्या फॅटशी ताडून पाहावा लागतो. दुधाविषयी जी दक्षता, ती देहाविषयी का नसावी? यास्तव आमचे वाचकांस सांगणे इतकेच : पुन्हा तपासणी करावयाची झाल्यास शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने करावी, यंत्र बदलल्यास त्याची फँटमवर परीक्षा झाली आहे काय, हे नम्रपणे विचारावे. असे विचारणे म्हणजे वैद्यांवर अविश्वास नव्हे. जाणता वैद्य त्या प्रश्नाने संतुष्टच होईल.