टाकाऊतून ऊर्जा : श्रीमती अनु आगा यांचा कारभार



गव्हाणीत पडलेल्या शंभर टन उसामागे २८ ते ३० टन बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणीच असते. तरीही त्याच्यावर बॉयलर चालतो, वाफ होते, मिल फिरते, साखर शिजते. बॉयलर जास्त दाबाचा असला तर कारखान्याची गरज भागून वीज विकायलाही उरते. एके काळी ज्याला चिपाड म्हणून कोणी विचारत नव्हते, त्याचे आता पैसे होतात.

असले बॉयलर करणाऱ्यांत पुण्याची थरमॅक्स ही एक कंपनी. बॉयलर कोणाचा घ्यावा हे सांगायचा आमचा हेतू नाही. एका बाईंनी ती घसरणीतून कशी वर काढली, ते आपण भागधारकांनी समजून घेण्यासारखे आहे.

कंपनी १९६६ साली श्री. भाथेना यांनी सुरू केली. पुढे जावई रोहिंटन आगा यांनी ती वाढवली. १९९६ साली ते हृदयविकाराने अचानक गेले आणि काही दिवसांतच संचालक मंडळाने त्यांच्या पत्नी श्रीमती अनु आगा यांना अध्यक्ष केले. बाईंचे शिक्षण समाजकार्याचे. कंपनीत त्या कर्मचारी विभाग पाहत. हे ओझे आपल्याला पेलेल का, अशी धास्ती त्यांना होती, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यातच वर्षभराने पंचवीस वर्षांचा मुलगा मोटार अपघातात गेला. एवढे दुःख पदरात घेऊन बाई कामावर येत राहिल्या.

भागधारकाचे पत्र

त्या काळात उद्योगधंद्यांत मंदी होती. चारशे रुपयांपर्यंत गेलेला शेअर ३६ रुपयांवर आला. तेव्हा एका भागधारकाने पत्र लिहिले की, आम्ही विश्वास टाकला होता, तुम्ही आमची निराशा केलीत. घरच्यांचेच भाग जास्त असल्याने बाईंना ते पत्र केराच्या टोपलीत टाकता आले असते. त्यांनी ते मनावर घेतले. बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळाची नव्याने रचना केली. मूळ कामाशी न जुळणारे धंदे सोडून ऊर्जा आणि पर्यावरण ही दोन कामे घट्ट धरली.

या दोन कामांचा आपल्या शिवाराशी जवळचा संबंध आहे. बगॅस, भाताचा तूस असल्या शेतमालाच्या अवशेषांवर चालणारे बॉयलर, वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी गार करणारी यंत्रे, सांडपाणी शुद्ध करण्याची साधने असा तो पसारा आहे. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश ओढ्याला गेला की विहिरी नासतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तो आटवून घट्ट करून बॉयलरमध्ये जाळण्याची सोय आता झाली आहे. कंपनी सावरल्यावर २००४ मध्ये बाईंनी अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले. त्या रसायन अभियंता आहेत.

आपल्या घरी काय?

धनी गेल्यावर शेत बाईच्या नावावर येते, पण निर्णय दीर किंवा चुलता घेतो, असे चित्र गावोगाव दिसते. लागण, खुरपणी, खोडव्याची राखण बाईने करायची आणि ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ हेही तिनेच ऐकायचे! सहकार कायद्याने संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव ठेवल्या आहेत. जागा मिळाली, तसे बोलणेही मिळाले पाहिजे.

पाचटाचेच पाहा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सेंद्रिय कर्ब असतो, नत्र, स्फुरद, पालाशही असते. एक काडी ओढली की तासाभरात त्यातला बराचसा माल धुरात जातो. सरीत पसरून कुजवले तर जमिनीला खत मिळते आणि पाण्याची पाळीही लांबते. जे कारखान्यात जाळावे, ते रानात जाळू नये. काडी ओढण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारावे.

खातेदार वारले असून शेअर अजून त्यांच्याच नावे असेल, तर घरच्यांनी वारस नोंदीचा अर्ज शेअर विभागात द्यावा. भगिनी सभासदांनी सर्वसाधारण सभेला स्वतः यावे. अहवाल हातात घेऊन बगॅस किती वाचला, वीज किती विकली, सांडपाण्याचे काय केले, हे विचारावे. एका भागधारकाच्या पत्राने एवढी मोठी कंपनी जागी झाली. हा कारखाना तर तुमचाच आहे. विचारा, उत्तर देणे आमचे कामच आहे.

— ऊस विकास अधिकारी