देवगिरीचा पहिला धनी

कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा म्हणजे केळी-हळदीचा मुलूख. इथला भाविक औंढ्याला गेला, की नागनाथाच्या देवळाच्या तळाशी असलेल्या कोरीव दगडांकडे बोट दाखवून ‘हेमाडपंती’ म्हणतो आणि रांगेत पुढे सरकतो. हेमाडपंताचं नाव असं मराठवाड्याच्या तोंडी बसलं. ज्या यादव राज्याचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख होता, ते उभं करणाऱ्या पाचव्या भिल्लमाला मात्र फारसं कुणी ओळखत नाही. त्याच्या बऱ्याचशा पराक्रमाची नोंदही हेमाडपंतानेच, ‘व्रतखंडा’च्या राजप्रशस्तीत करून ठेवली आहे.

भिल्लमाच्या काळी यादव नवखे नव्हते. दृढप्रहाराने चांदवडला घराण्याची मुहूर्तमेढ रोवली ती नवव्या शतकात. त्याच्या मुलाच्या, सेऊणचंद्राच्या नावावरून मुलखाला सेऊणदेश म्हणू लागले. राजधानी पुढे सिन्नरला गेली. पण हुकूम आधी राष्ट्रकूटांचा, मग कल्याणीच्या चालुक्यांचा. तीनशे वर्षं मांडलिकीत गेली.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याणीचंच आसन डळमळलं. मंगळवेढ्याच्या कळचुरी बिज्जलाने चालुक्यांची गादी बळकावली. तोच हा बिज्जल, ज्याच्या दरबारी बसवेश्वर होते. 1183च्या सुमारास चौथ्या सोमेश्वराने ती परत मिळवली खरी, पण राज्य आतून पोखरलं होतं. दक्षिणेतून द्वारसमुद्राचा होयसळ वीरबल्लाळ आणि उत्तरेतून भिल्लम, दोघांची नजर एकाच ताटावर.

भिल्लमाला घरातूनही काही आयतं मिळालं नव्हतं. गदगच्या लेखात तो मल्लुगीचा नातू आणि कर्णाचा मुलगा आहे. प्रशस्तीत मात्र कर्णाचं नावच नाही. राजलक्ष्मी बाकीच्यांना सोडून भिल्लमाकडे आली, असं तिथे मोठ्या खुबीने म्हटलं आहे. भाऊबंदकीवर दरबारी पंडिताने घातलेलं हे रेशमी पांघरूण असावं, असा संशय येतो. श्रीवर्धन घेतलं, प्रत्यंडकाचा राजा हरवला, मंगळवेढ्याचा धनी मारला, कल्याणीचं स्वामित्व मिळवलं, ही यादी त्याच प्रशस्तीतली. 1189च्या सुमारास सोमेश्वराला बनवासीकडे सरकावं लागलं.

पण लढाया त्या काळी सगळेच जिंकत आणि हरत. भिल्लमाची खरी अक्कल दिसते ती राजधानीच्या जागेच्या निवडीत. सिन्नर राज्याच्या पश्चिम टोकाला पडत होतं. देवगिरीचा सुळका मुलखाच्या मध्यावर, वेरूळच्या शेजारी, मैदानातून एकटाच सुमारे दोनशे मीटर उठलेला. आज तिथे गेलं की आधी खंदक लागतो. त्याच्या वरचा कडा असा तासलेला, की घोरपडीने नख कुठे रोवावं हा प्रश्न पडावा. पुढे खडकाच्या पोटातून गेलेली अंधारी वाट. हे सगळं काही भिल्लमाच्या हयातीतलं नाही. तेवढी वर्षं त्याला मिळालीच नाहीत.

पंडितांना मात्र नव्या राजधानीचा वास लवकर लागला. काश्मीरहून आलेल्या भास्कराचं घराणं इथे स्थिरावलं. त्याचा मुलगा सोढल भिल्लमाच्या चाकरीत होता, आणि सोढलाच्या मुलाने, शार्ङ्गदेवाने, पुढे सिंघणाच्या काळात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरांचे गवई ज्याला मानतात तो ग्रंथ देवगिरीचा.

जून 1191मध्ये भिल्लमाने गदगच्या त्रिकूटेश्वराला दान दिलं. दान देणारा तिथला धनी असतो, हा त्या काळचा संकेत. ती मालकी टिकली नाही. लक्कुंडीजवळच्या सोरटूरला वीरबल्लाळाने त्याला जबर मार दिला आणि पुढच्याच वर्षी गदगला बल्लाळाचा दानलेख कोरला गेला. भिल्लमाच्या डोक्यावर बल्लाळाने तलवार पाजळली, अशी फुशारकी होयसळांच्या एका लेखात आहे. प्रशस्तीत याच्या नेमकं उलट, भिल्लमानेच होयसळाला मारलं. बल्लाळ त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जिवंत होता, तेव्हा हेमाडपंताचं इथे काही चालत नाही.

मुलगा जैतुगीने राज्य सावरलं, वरंगळच्या काकतीयांना नमवलं. नातू सिंघण 1210च्या सुमारास गादीवर आला आणि कृष्णेपलीकडचा हातचा गेलेला मुलूख त्याने होयसळांकडून परत घेतला. आजोबाचा डोंगर मात्र 1296पर्यंत कुणी वेढला नव्हता. त्या साली अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादव राजा रामदेवरायाची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. गडावर घाईने चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो.