नाव देवदाराचं, लाकूड सरूचं

इंग्लंडमध्ये शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं लावणारं एक झाड आहे. नाव लेलँड सरू. कुंपणाला रोपं लावायची, ती वर्षाला मीटरभर वाढणार आणि थोड्याच वर्षांत पलीकडच्या घरातला उजेड जाणार. कज्जे इतके वाढले की समाजविघातक वर्तनाविरुद्धच्या २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांसाठी वेगळा भाग घालावा लागला. २००५ पासून दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाची तक्रार तिथल्या नगरपालिकेकडे नेता येते.

(सरू म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू नव्हे. त्याचं कूळच वेगळं. हा सरू मोगल बागांतला, कारंज्यांच्या कडेला ताठ उभा राहणारा.)

लेलँडचा जन्म कुणी न ठरवता झालेला. वेल्समध्ये वेल्शपूलजवळ लेटन हॉलच्या बागेत दोन परदेशी सरू शेजारी लावले होते. एक अलास्काच्या बाजूचा नूटका, दुसरा कॅलिफोर्नियाचा मॉन्टेरे. रानात या दोघांची गाठ कधी पडत नाही. इथे पडली आणि १८८८ मध्ये नूटकाच्या बियांतून निराळीच रोपं उगवली. त्या घरच्या क्रिस्टोफर जॉन नेलरने पुढे वारसाहक्कासाठी आडनाव बदलून लेलँड केलं आणि तो रोपं घेऊन नॉर्थम्बरलंडमधल्या हॅगरस्टनला गेला. झाडाला चिकटलं ते हे बदललेलं आडनाव.

याचं लाकूड पिवळसर आणि बऱ्यापैकी टिकाऊ. पण कुंपणातल्या झाडाला खालपासून फांद्या, म्हणून लाकडात गाठीच गाठी. बहुतेक झाडांचा शेवट फांद्या दळणाऱ्या यंत्रात होतो. चांगल्या लाकडाची ही नासाडीच म्हणायची.

गंमत अशी, की ब्रिटनमधली कितीतरी घरं सरूच्याच कुळातलं लाकूड अंगावर घालून उभी आहेत, पण त्याला कुणी सरू म्हणत नाही. लाकूडबाजारात त्याचं नाव ‘वेस्टर्न रेड सीडर’. सीडर म्हणजे खरं तर देवदार, आणि हे झाड देवदाराच्या कुळातलं नाही. अर्थात हसायचं कारण नाही. आपणही वाट्टेल त्या हलक्या लाकडाच्या खोक्याला बिनदिक्कत देवदारी खोकं म्हणतोच. कॉर्नवॉलच्या विल्यम लॉब या वनस्पतिसंग्राहकाने १८५३ मध्ये या झाडाचं बी ब्रिटनला पाठवलं. आज तिथल्या जंगलांतही ते लावतात. मात्र कॅनडातल्या जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाइतकं तिथलं लाकूड टिकाऊ नसतं.

घरबांधणीत ते मुख्यतः बाहेरच्या भिंतीवर जातं. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झापांचा आडोसा बांधतात, तसलाच हा प्रकार, फक्त कायमचा. भिंतीवर आधी पट्ट्या ठोकतात, त्यांवर फळ्या. मध्ये राहिलेल्या पोकळीतून वारा खेळतो आणि भिजलेली फळी पाठीमागूनही वाळते. बुरशीचा बंदोबस्त झाडाने स्वतःच केलेला असतो, गाभ्यातल्या नैसर्गिक द्रव्यांनी. वजनही हलकं: घनमीटरला सुमारे ३८० किलो, तर सागाचं साडेसहाशेच्या आसपास. तेल-रंग काही न लावता सोडलं तर तांबूस फळी काही वर्षांत रुपेरी करडी होते. खिळे मात्र स्टेनलेस स्टीलचेच हवेत. साध्या लोखंडी खिळ्याशी लाकडातल्या द्रव्यांची प्रक्रिया होते आणि फळीवर काळे ओघळ उतरतात. खिळ्यांत पैसे वाचवणाऱ्याचं घर लांबूनच ओळखू येतं.

उंच इमारतींना हे लाकूड आता चालत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला जून २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली. तिथे पेटलेलं आवरण लाकडाचं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक होतं. पण डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळणाऱ्या वस्तूंना बंदी आली, तीत लाकूडही सापडलं.

लंडनला लेकीकडे किंवा मुलाकडे जाणं झालं, तर क्यू बागेत पॅगोडाजवळचा जपानी दरवाजा जरूर पाहा. क्योटोच्या निशी होंगानजी मंदिरातल्या दरवाजाची ही प्रतिकृती, मूळच्या चार पंचमांश आकाराची. १९१० च्या जपान-ब्रिटन प्रदर्शनासाठी ती घडवली आणि पुढच्या वर्षी सुटी करून इथे आणून उभारली. लाकूड हिनोकी, म्हणजे जपानी सरू.