सात घरांत पुसेगाव

पुसेगाव. साताऱ्याकडचं नव्हे हं, आपलं हिंगोली जिल्ह्यातलं. एसटीच्या पाटीवर हे नाव तुम्ही डोळ्यांनी वाचता. आज ते बोटाने वाचायचंय!

फ्रान्समध्ये लुई ब्रेल नावाचा एक मुलगा होता. लहानपणीच त्याची दृष्टी गेली. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली. प्रत्येक अक्षराला एक छोटंसं घर. घरात सहा ठिपक्यांची जागा: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. अख्खं घर बोटाच्या टोकाखाली मावतं. कुठले ठिपके उठलेत, त्यावरून अक्षर ओळखायचं. एवढ्याशा घरात ६३ वेगवेगळ्या खुणा होतात!

पण आपल्या काना-मात्रांचं काय? घराच्या वर-खाली जागाच नाही. मग मात्रा अक्षरानंतर स्वतःच्या घरात बसतात. पुसेगाव होतं असं: प, उ, स, ए, ग, आ, व. सात घरं. ‘प’ला १, २, ३, ४ हे ठिपके, ‘उ’ला १, ३, ६. गंमत म्हणजे पॅरिस काय, माल्टा बेट काय, तिथली मुलं ‘प’च्या त्याच ठिपक्यांना ‘पे’ म्हणतात. आपल्या भारती ब्रेलमध्ये आवाज जुळेल तिथे अक्षरही जुळवलंय. १९५१ पासून मराठी, हिंदी, तमिळ सगळ्यांना हीच लिपी. आणि २००८ पासून मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिकही निघू लागलं.

चला, करून बघा. जुनी लग्नपत्रिका उलटी करून जाड सतरंजीवर ठेवा आणि रिकाम्या बॉलपेनाने ठिपके दाबा. फाडू नका, नुसता फुगवटा यायला हवा. मात्र सुरुवात उजवीकडून करायची आणि ठिपकेही उलटे, म्हणजे ‘प’ची तीन ठिपक्यांची उभी रांग उजवीकडे! कागद पालटला की सगळं सुलट होतं. माझा पहिला ‘प’ चुकलाच होता.

आता कोडं. ‘हिंगोली’ला किती घरं लागतील? ‘हि’ची वेलांटी आपण आधी काढतो, पण बोलताना ती ‘ह’नंतरच येते ना? ब्रेल बोलण्याचं ऐकतं. शिवाय अनुस्वारालाही वेगळं घर हवं.

उत्तर: सातच!