शनिवार दुपारचा कागदांचा तास

मुलांना भेटायला आलेले पालक फाटकाजवळ एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, शनिवारी शाळा सकाळची असते, तर पोराले दुपारून घरी काऊन नाही सोडत जी?" उभ्याउभ्या मी काहीतरी उत्तर देतो, पण ते उत्तर अपुरेच असते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर लिहावे असे वाटले. शनिवारी जेवणानंतरचे दोन तास आपल्या शाळेत कागदांचे असतात, आणि हे दोन तास आठवड्यातील कोणत्याही तासिकेइतकेच महत्त्वाचे आहेत, असे माझे मत आहे.

आठवड्याचा बाकीचा क्रम माजी विद्यार्थ्यांना पाठ आहे. पहाटे पाचची घंटा, त्रिशरण-पंचशील, अभ्यासिका, शाळा, मैदान, संध्याकाळची वंदना, रात्रीचा अभ्यास. लाईन गेली की पूर्वी कंदील लागत, आता इन्व्हर्टर आहे. बुधवारी मागे पडलेल्या मुलांचा जादा वर्ग, रविवारी कपडे धुणे, केस कापणे आणि घरी फोन. सिकलसेलचे निदान झालेल्या मुलांची यादी अधीक्षकांच्या टेबलावर असते. त्यांना पाणी भरपूर प्यायला लावणे आणि उन्हात धावू न देणे, हे वर्गशिक्षकाचे रोजचे काम आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र वेळापत्रक थोडे सैल सोडतो. बाजाराला आलेली आई त्याच फेरीत मुलाला भेटून जाते. तिला "भेटीचा वार रविवार" असे सांगणे म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी बुडवणे होय.

वसतिगृहाची गरज आपल्या समाजाला का भासली, हे नव्या पालकांसाठी सांगायला हवे. 1924 साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. हायस्कूल शहरात होते, पण अस्पृश्य मुलाला शहरात खोली मिळत नव्हती. शाळेचे दार कायद्याने उघडले तरी रात्री डोके टेकायला छप्पर नसेल तर त्या दाराचा उपयोग नाही, हे बाबासाहेबांनी स्वानुभवाने ओळखले होते. आज खोली मिळते. तरीही भामरागडकडील मुलाला पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर अडवतो, जुलै-ऑगस्टात रोवणीला घरी हात कमी पडतात, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे जंगलात जावे लागते. ही कामे घराची भाकर आहेत, त्यांना आम्ही आळस म्हणत नाही. मूल वसतिगृहात असले की परीक्षेच्या काळात ते पुस्तकासमोर राहते, एवढाच आमचा हिशेब.

आता कागदांकडे वळू. वर्ग आठवीपासून प्रत्येक मुलाची एक फाईल शाळेत उघडली जाते. आधारवरील नाव आणि दाखल-खारीज रजिस्टरमधील नाव सारखे आहे का, बँक खाते आधारशी जोडले आहे का, वडिलांच्या नावात कुठे "जी" किंवा "राव" जास्तीचे लागले आहे का, हे प्रथम पाहतो. शिष्यवृत्ती थेट खात्यात येते, त्यामुळे एका अक्षराच्या फरकाने ती अडकते. एवढे काम सोपे आहे. खरे कष्ट जात प्रमाणपत्राच्या आणि त्याच्या पडताळणीच्या पुराव्याचे.

बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातीच्या अर्जदाराकडे 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांकडे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. सर्वांत चांगला पुरावा कोणता, तर आजोबा-पणजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी इथे दर वेळी थबकतो. ज्या आजोबाला शाळेने आत घेतले नाही, त्याचे नाव त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये कसे सापडणार? त्याच्या न शिकण्याची किंमत नातवाला दुसऱ्यांदा मोजावी लागते.

अशा वेळी आपल्या भागात कोतवाल बुक उपयोगी पडते. मध्य प्रांतातील खेड्यांत जन्म-मृत्यूची खबर ठाण्यात पोहोचवणे हे कोतवालाचे काम असे, आणि अनेक गावांत हा कोतवाल महारच असे. पुष्कळदा स्वतःला अक्षर न ओळखणारा तो माणूस बगलेत वही घेऊन कोसभर चालत जाई आणि गावातील प्रत्येक जन्म लिहवून घेई. आज त्याच्याच वंशातील मुले त्या नोंदीवर इंजिनिअर होतात. हे उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. त्यात एक अडचण आहे. नोंदीत बापाचे नाव आणि जात असते, पण बाळाचे नाव बहुधा नसते, केवळ "मुलगा" किंवा "मुलगी" एवढेच. म्हणून वंशावळ नीट जुळवून तिचे शपथपत्र करावे लागते. जुन्या कागदावर जिल्हा "चांदा" असा असतो. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या नोंदीत गडचिरोली जिल्हा शोधू नये. जमीन असलेल्या घरांनी बंदोबस्त मिसल आणि 1954-55 चा अधिकार अभिलेखही पाहावा.

दुसरी गोष्ट आपल्या बौद्ध घरांची. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याहून परतलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी पुढे मुलांना शाळेत घालताना जातीच्या रकान्यात अभिमानाने "बौद्ध" लिहिले. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 2,487 बौद्ध होते, 1961 मध्ये 27,89,501. तो आकडा अशाच रकान्यांनी घडवला. त्या एका शब्दासाठी त्यांनी सवलती सोडल्या. राज्याने 1960 पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने मात्र 1990 साली कायदा बदलेपर्यंत त्यांना अनुसूचित जातीत धरले नाही. त्यामुळे एकाच घरात आजोबा "महार", वडील "बौद्ध" आणि काका "नवबौद्ध" असे तीन कागद निघतात. पालक घाबरतात आणि काही जण तर वडिलांचा जुना दाखला लपवतात. लपवू नये. पूर्वीची जात दाखवणारा 1950 पूर्वीचा एक कागद आणि त्याला जोडणारी वंशावळ असली की या तिन्ही नोंदींचा अर्थ समितीला समजावता येतो. तो "बौद्ध" शब्द चूक नव्हती, हेही मुलाला त्याच तासाला सांगावे लागते.

हा तास आम्ही सुरू केला त्याला एक कारण घडले. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका हुशार मुलाला राखीव जागेवर तांत्रिक शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. पडताळणीत त्याच्या दाखल्यावरील आडनाव आणि वडिलांच्या दाखल्यावरील आडनाव वेगळे निघाले. त्याच्या प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरमध्ये ते मी लिहिले होते, ऐकून, कागद न मागता. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधील नाव दुरुस्त करणे फार कठीण असते. कार्यालयांच्या फेऱ्यांत मुदत टळली आणि जागा गेली. त्याने पुढे साधी पदवी घेतली. भेटला की जयभीम करतो, कधी त्याबद्दल बोलला नाही. बोलला असता तर मला सोपे गेले असते.

तेव्हापासून कोणतेही नाव मी ऐकून लिहीत नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे की दिवाळीच्या सुट्टीत घरातील पेटी एकदा उघडावी. आजोबांचा चौथीचा दाखला, जमिनीचा जुना कागद, आत्याच्या शाळेची प्रगतिपुस्तिका, जे सापडेल त्याची झेरॉक्स मुलासोबत पाठवावी, मूळ कागद पाठवू नये. वडील, काका, चुलत भाऊ यांपैकी कोणाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत प्रथम द्यावी. वडिलांकडील रक्तनात्यातील वैधता हा मोठा आधार ठरतो. आईकडचे कागद यात चालत नाहीत, याचे मला वाईट वाटते, पण नियम तसा आहे. काहीच कागद न सापडल्यास अर्ज सोडून देऊ नये. समितीचे दक्षता पथक गावात येऊन चौकशी करते, त्या वेळी गावातील वृद्ध माणसे घरी असतील एवढे पाहावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे तहसील, भूमी अभिलेख किंवा समाजकल्याण खात्यात आहेत, त्यांच्यासाठी शनिवारी दोन ते चार या वेळेत अभ्यासिकेत खुर्ची मांडलेली असते. सध्या वर्ग नववीच्या एकोणीस फाईली अपूर्ण आहेत. त्यांतील सात सिरोंचा आणि अहेरीकडच्या आहेत, तिकडचे कोणी येणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे त्या मुलांना मैदानावर न पाठवता थांबवून घेता येईल.